दुसऱ्या आवाजाची जागा

गाण्यांची स्वरलिपी, म्हणजे पाच रेघांवर मांडलेले स्वर, कॉम्प्युटरवर छापण्यासाठी जुळवून देणं हा माझा धंदा, आणि घरच्यांना ते फुकट शिकवणं ही माझी शिक्षा. त्या दिवशी काकांची पाळी होती. त्यांच्या वृंदगान मंडळाचं पुस्तक छापायला जाणार होतं आणि काका-काकू जोडीनं गायचे ते गाणं त्यात हवं होतं. गळ्याच्या ऑपरेशननंतर काकू जेमतेम कुजबुजायची. गाणं आता राहिलं तर कागदावरच राहणार होतं.

काकांनी हौसेनं दोघांचे स्वर प्रोग्रॅममधल्या एकाच आवाजात कोंबून ठेवले होते.

"काका, तुम्ही सूर लांबवलात की खाली काकूचाही लांबतोय. तिला काय दावणीला बांधलंय?"

"मग कसं करू?"

"ओळ एकच ठेवायची, आवाज दोन. तुमच्या स्वरचिन्हांच्या उभ्या दांड्या वर, तिच्या खाली. आधी इथे 'दोन' निवडा, मग तिचे स्वर भरा. म्हणजे तुम्ही थांबलात तरी ती गाऊ शकते."

काकांनी 'दोन' निवडलं आणि नुसतेच बसून राहिले. मला वाटलं, स्वर भरायचं बटण सापडत नाहीये; मी बोटानं दाखवलं.

"बटण दिसतंय रे," ते म्हणाले. "ती काय गायची तेच आठवत नाहीये. आधीचं आपलं अंदाजानं भरलं होतं."

काकू मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. "अगं, इथे तू खाली कशी यायचीस?" काकांनी विचारलं.

"मला कुठे पाठ होतं? तुमचं ऐकायचे आणि सुचेल तसं गायचे." मग अगदी सहज म्हणाली, "तुम्हाला आठवत असेल ना? तुमच्या कानाशीच तर उभी असायचे."

ती रागावली असती तर परवडलं असतं. काकांनी मान खाली घातली. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

रिकाम्या दुसऱ्या आवाजात प्रोग्रॅमनं आपणहून विरामाच्या, म्हणजे 'इथे हा आवाज गप्प आहे' अशा, खुणा भरल्या होत्या, पार गाणं संपेपर्यंत.

"या लपवता येतात," मी म्हणालो. "पान स्वच्छ दिसेल."

"लपव की मग," काकू कुजबुजली.

काकांनी माऊसवरचा माझा हात बाजूला केला.

"नको. इथे ही गायची. मी ऐकलं नाही, म्हणून इथे कुणी नव्हतंच असं दाखवू नकोस."