किल्ल्यांना किती मार्क

बाबांच्या कानांवर गेले काही महिने मिरपूड पडत होती. म्हणजे खरी मिरपूड नव्हे, जुन्या हेडफोनच्या गाद्यांचं काळं रेक्झिन. पण संध्याकाळी ते कामावरून आले की कानांवर, मानेवर, चष्म्याच्या काड्यांवर काळे कण असायचे, आणि आई दारातच म्हणायची, "आधी तोंड धुऊन या. उकडलेलं अंडं समजून कुणी खाईल तुम्हाला."

बाबा बोलकी पुस्तकं तयार करत. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी पुस्तक मोठ्याने वाचायचं, आणि बाबांनी ते रेकॉर्ड करायचं, त्यातले खोकले-आवंढे काढायचे, आवाज घासूनपुसून पुढे पाठवायचा. स्टुडिओ म्हणजे एकच खोली. टेबलाच्या या टोकाला वाचणारा, त्या टोकाला बाबा. म्हणून त्यांना पाठ बंद असलेलेच, क्लोज्ड-बॅक, हेडफोन लागत. नाहीतर त्यांच्या कानातला आवाज बाहेर झिरपून माइकमध्ये शिरायचा आणि गोष्टीतल्या राजाच्या मागे तोच राजा कुजबुजायचा.

"म्हातारे झालेत हे," बाबा हेडफोनकडे बघून म्हणत. "वरचं खातात हल्ली."

वरचं म्हणजे आवाजातलं बारीक, टोकदार. कागदाची सळसळ, चमच्याची किणकिण, 'स'ची शीळ. गेलं वर्षभर बाबांचं हे एकच पालुपद होतं. हेडफोन वरचं खातात, नवे घेतले की सगळं पुन्हा नीट होईल. इतक्यांदा म्हणत, की आता ते आईला किंवा टकळीला सांगत नव्हते, स्वतःलाच सांगत होते.

टकळी त्यांची मुलगी. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त हजेरीपटालाच ठाऊक. गेल्याच महिन्यात तिने वादविवाद स्पर्धेत तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलांना गप्प बसवलं होतं, आणि तेव्हापासून तिची पक्की समजूत झाली होती, की आपण तोंड उघडलं की सुटणार नाही असं या जगात काही नाही. शनिवारी बाबा म्हणाले, "चल, तुझे कान उसने दे," तर ती चपला घालूनच बसली.

हेडफोन घेताना बाबांचा एक कायदा होता. ऐकणारे दोघे हवेत. दोघांनी आपापल्या कागदावर मार्क लिहायचे, आणि शेवटचा हेडफोन उतरेपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. "एकाने 'वा' म्हटलं की दुसऱ्यालाही वा ऐकू येतं," बाबा म्हणत. "कान फार भिडस्त असतात." पूर्वी दुसरे कान स्टुडिओच्या मालकीणबाईंचे असत. यंदा बाबांनी त्यांना विचारलं नव्हतं.

"का रे? बाईंना का नाही?" टकळीने बसमध्ये विचारलं.

"त्यांना कामं असतात."

"आणि मला?"

"तुला तोंड असतं. आज ते बंद ठेवायचंय. जमेल?"

"बघच तू."

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. भिंतींना गालिचे ठोकलेले, खिडकी नाही, आत पाऊल टाकलं की आपलाच आवाज शेजारी येऊन बसल्यासारखा. दुकानदारकाका बाबांना वीस वर्षं ओळखत. त्यांनी काउंटरवर सहा हेडफोन ओळीने मांडले, समोर आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि टकळीला म्हणाले, "परीक्षा आहे बरं का. कॉपी करायची नाही."

बाबांनी खिशातून आपली पेटी काढली. पेटी कसली, बोटाएवढा पेनड्राइव्ह. त्यात चाळीस सेकंदांची एक फाईल होती, त्यांनीच कधीतरी रेकॉर्ड केलेली. आधी लाकडी खुर्ची सरकते. मग कुणीतरी कागद उलटतं. मग किल्ल्यांचा जुडगा हलतो. शेवटी एक वयस्कर बाई अगदी शांतपणे म्हणतात, "सशाने सावकाश सगळी साल सोलली." एवढंच. गेली कित्येक वर्षं बाबांनी प्रत्येक हेडफोनला हाच ससा दाखवला होता.

टकळीने घरूनच वहीत तक्ते आखून आणले होते, एक तिचा, एक बाबांचा. खुर्ची, कागद, किल्ल्या, ससा. मग वजन, दाब, घाम, चष्मा. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, कारण शेरे मारण्याची संधी ती सोडणं शक्यच नव्हतं.

पहिला हेडफोन दिसायला राजबिंडा, पण डोक्यावर ठेवला की लोखंडी टोपी. *खुर्ची छान. कानशिलं धरतो, दहा मिनिटांत डोकं दुखणार,* तिने लिहिलं. दुसरा इतका हलका, की मान हलवली की घसरून नाकावर. तिसऱ्यात किल्ल्या जरा टोचत होत्या. चौथा मात्र खासा होता. गाद्या मऊ, कान पूर्ण आत मावत होते, आणि बाबांचा चष्मा खुणेने मागून घालून बघितला तर काडी रुतत नव्हती. आणि आवाज तर विचारू नका. तिने डोळे मिटले आणि किल्ल्या जणू तिच्या तळहातावर हलल्या. *पितळी किल्ली आणि लोखंडी किल्ली वेगळी कळते,* तिने शेरा मारला, आणि किल्ल्यांना दहापैकी दहा.

पाचव्यात कान घामेजले. सहावा बरा होता, पण त्याची वायर हाताला लागली की कानात खरखर.

बाबा मागोमाग ऐकत होते. ते प्रत्येक हेडफोन डोक्यावर चढवत, मग दोन्ही वाट्या तळव्यांनी जरा दाबत, जरा सोडत, हनुवटी वर करत. ससा संपला की परत पहिल्यापासून. चौथा त्यांनी पाच वेळा ऐकला. टकळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. खुर्चीला भुवई हलली. कागदाला अर्धवट. मग किल्ल्यांची जागा आली, तिला ती आता तोंडपाठ झाली होती, आणि बाबांच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. दारावर कुणी यायचं आहे आणि अजून आलं नाही, असा तो चेहरा होता.

तिला थर्मामीटर आठवला. मागच्या महिन्यात तिला ताप होता तेव्हा बाबांनी थर्मामीटर तोंडात ठेवला होता. तो वाजला, टी टी टी करून वाजून वाजून थकला, आणि बाबा तिच्या कपाळावर हात ठेवून वाट बघत बसले होते. तिने शेवटी स्वतःच काढून दिला. बाबांना झोप आली असेल, असं म्हणून तिने तो विषय मनातल्या मनात मिटवला होता.

बाबा पाणी प्यायला उठले. कागद काउंटरवर उताणा राहिला. बघायचं नाही हा कायदा होता. तिने बघितलं.

किल्ल्यांच्या रकान्यात पहिल्याला शून्य. दुसऱ्याला शून्य. तिसऱ्याला दोन, तेही खोडून पुन्हा लिहिलेले. चौथ्याला शून्य. पाचव्याला, सहाव्याला, शून्य, शून्य. आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात: *सगळेच वरचं खातात. हल्ली असेच बनवतात का?*

टकळीच्या कागदावर नऊ, सात, आठ, दहा, आठ, नऊ होते. तिने खोडरबर काढला. बाबा ग्लास विसळत होते तेवढ्यात तिने त्या रकान्यातले सगळे आकडे पुसले, त्या जागी शून्यं काढली, तिसऱ्याला एक दिला आणि पुसण्याचा भुगा फुंकून टाकला. एवढी मोठी वक्ता, आणि त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलं नाही.

"हं, उघडा पत्ते," बाबा येऊन बसले.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. किल्ल्यांच्या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की टकळीला वाटलं, बरं केलं आपण.

"तुलाही नाही आल्या?"

"नाही ना. काहीच नाही."

"बघा साहेब," बाबा दुकानदारकाकांकडे वळले. आवाजात वर्षभरात नव्हती ती तरतरी होती. "माझं सोडा, हिचे तर कोवळे कान. सहाच्या सहा बहिरे आणून ठेवलेत तुम्ही."

दुकानदारकाकांनी टकळीकडे बघितलं. मग ते काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

बाबा हसत हसत पुढचं वाचू लागले. वजन, दाब, घाम. "चौथ्याला चष्म्याचे दहा? हो, तो बसतो झकास." मग शेरे. ते मोठ्याने वाचत होते, तिच्या शेऱ्यांची त्यांना मजा वाटायची. "लोखंडी टोपी... नाकावर घसरगुंडी... तिसरा, किल्ल्या जरा टोचतात." ते थांबले. "चौथा. पितळी किल्ली आणि लोखंडी किल्ली..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. कागद उचलून दिव्याकडे तिरपा धरला. शून्यांखाली पुसलेल्या आकड्यांचे वळ दिसत होते.

"टकळे," ते म्हणाले, "किती दिले होतेस चौथ्याला?"

टकळीने खोडरबर मुठीत लपवला.

"आता बोल की. नको तेव्हा बोलतेस."

"दहा," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चौथा हेडफोन उचलला, तिच्या डोक्यावर नीट बसवला, कानावरचे केस मागे सारले आणि फोनवरून काहीतरी लावलं. गेल्या आठवड्यात त्यांनी पूर्ण केलेल्या पुस्तकाचा पहिला अध्याय होता. वाचणाऱ्या काकांचा आवाज गोड, पण प्रत्येक 'स' पाटीवर नख ओढल्यासारखा. तिचे खांदे आपोआप वर गेले.

"'स' कसा आहे?"

"टोचतो, बाबा. दात शिवशिवतात."

"म्हणजे मी वर चढवला तेवढा." ते स्वतःशीच बोलत होते. "मला ऐकू येईना म्हणून चढवत गेलो. हेडफोन खातात म्हणून. सात पुस्तकं, टकळे. सात पुस्तकं गेली अशी. तासन्‌तास कान लावून ऐकतात गं ती माणसं."

त्यांनी तिथेच बाईंना फोन लावला. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. का, ते टकळीला आज कळलं.

"बाई, वर्षभरात गेलेली सगळी पुस्तकं परत मागवा. वरचं जास्त लागलंय सगळ्यांना. चूक माझी आहे. हेडफोनची नाही."

पलीकडून बाई म्हणाल्या, "मागवायला नकोत, दादा. ती तशी गेलेली नाहीत."

"म्हणजे?"

"तुम्ही घरी गेलात की मी वरचं उतरवते आणि मग पाठवते."

"कधीपासून?"

"सात-आठ महिने झाले असतील. त्याआधीच्यांत फारसा फरक नव्हता."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"कसं सांगू?" बाईंचा आवाज चिरकला. "मला ऐकायला तुम्ही शिकवलंत. तुमच्यासमोर बसून म्हणू, की दादा, तुम्हाला 'स' ऐकू येत नाही?"

बाबा स्टुलावर बसले. "असंच म्हणायचं होतं," ते म्हणाले. "याच शब्दांत."

"सोमवारी या. बोलू आपण. तुम्हाला मी जाऊ देणार नाही, दुसरी कामं आहेत, वेळापत्रक आहे, वाचणाऱ्यांना तयार करायचं आहे..."

"बघू," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुकानदारकाकांनी हळूच विचारलं, "चौथा बांधून देऊ?"

"आज नको," बाबा म्हणाले. "कानाला फार छान आहे हो तो. गादी तर अप्रतिम."

जिना उतरताना टकळीला रडू फुटलं. "मी पुसायला नको होतं."

"नको होतं."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं. एकदा वाटलं असतं." ते एक पायरी थांबले. "आता असं वाटतंय, की गेले आठ महिने सगळे माझ्याभोवती चवड्यांवर चालत होते, आणि मला मात्र वाटत होतं, घर कसं शांत आहे."

"डॉक्टरांकडे जाऊया ना, बाबा."

"जाऊ. ते यंत्र देतील, मी लावेन. पण पितळी आणि लोखंडी..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

बस थांब्यावर बाक रिकामा होता. दोघं बसले. समोर रस्ता, सायकली, फळांची गाडी, एक बाई लहान मुलाला बोटाला धरून नेत होती.

"सांग," बाबा म्हणाले.

"काय?"

"मला हा रस्ता ऐकू येतोय. इंजिनं येतायत, माणसं येतायत. उरलेलं काय आहे ते सांग."

टकळीने नाक पुसलं आणि कान टवकारले. "त्या सायकलचा ब्रेक चिर्रर्र करतोय. त्या पोराच्या बुटात शिट्टी आहे, पावलागणिक वाजतेय. फळवाल्याच्या तराजूची साखळी." बोलता बोलता तिला जोर चढला. "तारेवर दोन चिमण्या भांडतायत. वरच्या मजल्यावर कुणीतरी चहात साखर ढवळतंय. तुझ्या घड्याळाचा..."

ती थबकली. बाबा स्वतःच्या मनगटाकडे बघत होते.

आणखी खूप होतं. ऐकायला बसलं तर संपतच नव्हतं. प्रत्येक आवाजामागे एक बारीक आवाज होता. तिने मनात त्यातले थोडे बाजूला काढले आणि म्हणाली, "बास. एवढंच."

"टकळे."

"हं."

"गाळू नकोस."

त्यांची बस आली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही. बस गेली, आणि टकळीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी सावकाश, बाबांच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक आवाज सुटा करून.