बाजूचे दिवे

"हे कोणी थापलंय?" शमिका भाटकरने दिव्याच्या कडेचा सिलिकॉनचा पांढरा लपका नखाने उचकटत विचारलं.

"मीच," बाबल्या म्हणाला. "पाणी जायला कुठं जागाच ठेवली नाय, ताई. तरी मेलं शिरतंच."

रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळच्या तिच्या गॅरेजच्या पत्र्यावरून श्रावणातली एक सर नुकतीच सरकून गेली होती. बाबल्याची गाडी जुनी, सात सीटांची. जाकादेवीकडच्या वाड्यांतले डायलिसिसचे पेशंट तो आठवड्यातून तीनदा रत्नागिरीला आणायचा, पहाटे अंधारातच निघून. धुक्यात गाडीची लांबी समोरच्याला कळावी म्हणून त्याने ऑनलाइन मागवून दोन्ही बाजूंना पिवळे दिवे बसवून घेतले होते. पण पावसात त्यांच्या काचा आतून धुरकटल्या, मग तळाशी पाणी साचलं, आणि उजवीकडचे तर विझलेच.

"विझलेले तसेच घेऊन फिरत होतास?"

"उघडीप मिळाली की करू म्हटलं."

उघडीप मिळाली नाही. सोमवारी वाडीच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला गाडी आडवी काढताना एक टेम्पो उजवीकडून घासून गेला. त्याला धुक्यात ही गाडी दिसलीच नव्हती. कोणाला लागलं नाही, पण मधलं दार आत आलं आणि दाराशी बसलेल्या येसूबाईंच्या मांडीला पत्रा टेकला. बुधवारी त्या आल्याच नाहीत.

"उद्या पण आल्या नाय तर अंगात पाणी भरेल, श्वास लागेल, असं सिस्टर बोलल्या," बाबल्या म्हणाला. "मुलगे मुंबईला. त्या वेळेला वाडीत दुसरी गाडी येत नाय. मला बोलल्या, तुझ्या गाडीत पाय नाय ठेवायची."

शमिकाने स्टूल ओढलं आणि उजवीकडचा पहिला दिवा खोलला.

तिचे वडील मिरकरवाडा बंदरात तांडेल होते, मासेमारीची होडी चालवायचे. आयटीआय करून ती सुरुवातीला होड्यांवरच्या दिव्यांची कामं करायची. खारं पाणी तांब्याला कसं खातं, हे तिने तिथे बघितलं होतं. गॅरेज टाकलं तेव्हा बाई वायरिंग करणार म्हणून लोक दारातून परत गेले. नंतर तेच लोक गाड्या घेऊन आले. त्याबद्दल तिने कधी कोणाला ऐकवलं नाही.

"खालचं भोक का बुजवलंस?"

"पाणी तिथनं जाईल म्हणून."

"ते पाणी बाहेर पडायला ठेवलेलं असतं. दिवा पेटला की आतली हवा तापते, विझला की गार होऊन बाहेरची दमट हवा आत ओढते. त्या हवेला ये-जा करायला वाट लागते. तू ती वाटच बंद केलीस. आणि आत शिरायची वाट आहे इथे, मागे." तिने वायर उचलून दाखवली. वायर वरून सरळ दिव्यात उतरत होती आणि भोकातलं रबर सैल होतं. पाणी वायरीला धरून निवांत आत येत होतं.

तिने जुना लपका खरवडला. काच धुतली, ड्रायरने आतला ओलावा सुकवला, होल्डरवरचा हिरवा गंज काढून ग्रीस लावलं. मागे नवं रबर बसवलं. वायरीला दिव्याच्या खाली झोळ देऊन मग वर घेतलं, म्हणजे पाणी झोळातूनच ठिबकून जाईल. सिलिकॉनची एक बारीक रेघ काचेच्या सांध्यावर फिरवली आणि खालचं भोक मोकळं ठेवलं. एकेक करत सगळे दिवे तिने तसेच केले. मग दाराचा आत आलेला पत्राही ठोकून दिला.

"आता नेऊ?"

"सिलिकॉन ओलं आहे अजून. वाळेपर्यंत पाणी लागता कामा नये. गाडी आज इथेच आत राहू दे. पहाटे मीच घेऊन येते."

"तुम्ही कशाला?"

"येसूबाईंना तू सांगून पटेल का?"

पहाटे वाडीत धुकं उतरलं होतं. येसूबाई ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. पाय सुजून तुकतुकीत झाले होते. गाडी बघताच त्यांनी मान फिरवली.

"मी नाय येयाची, बाबल्या. घरात मरेन."

"काकी, मी शमिका. दिव्यांचं काम मी केलंय," ती म्हणाली. "जरा कळशीभर पाणी घेऊ?"

तिने दिवे लावले आणि पिंपातून कळशी भरून उजवीकडच्या दिव्यांवर जोरात ओतली. मग दुसरी. मग तिसरी. पिवळा उजेड अंगणभर तसाच राहिला. येसूबाई भिंतीला धरून उठल्या, हळूहळू गाडीजवळ आल्या. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं.

"पानी आत नाय गेलं?"

"नाही."

"आनी म्होरल्या पावसात?"

"म्होरल्या पावसाचं खोटं नाही सांगणार, काकी. रबर म्हातारं होतं. बाबल्या गाडी आणेल, मी बघत जाईन."

येसूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "दाराशी मी नाय बसायची."

"दाराशी मी बसते."

मोठ्या रस्त्याला बाबल्याने गाडी आडवी काढली तेव्हा उजवीकडून एक ट्रक येत होता. येसूबाईंनी शमिकाचं मनगट घट्ट पकडलं. ट्रक लांबूनच हळू झाला, थांबला. ही गाडी पुरती बाहेर पडल्यावरच तो हलला. मनगट मात्र रत्नागिरी येईपर्यंत सुटलं नाही.

शमिकाला खरं तर गॅरेज उघडायला जायचं होतं. दोन गिऱ्हाइकांचे फोन येऊन गेले होते. त्यांना तिने दुपारनंतर यायला सांगितलं आणि डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. उन्हं वर आली, पुन्हा झाकोळली.

दार उघडून सिस्टरने विचारलं, "येसूबाईंबरोबर कोण आहे?"

बाकावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. शमिका उठली. "मी."

"डायलिसिसची सुई काढली आहे. जरा दाबून धरा. फार जोरात नको, नस बंद होईल. आणि सोडूही नका."

येसूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. चेहरा उतरला होता, श्वास मात्र शांत चालला होता. शमिकाने हात धुतले. तरी नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ राहिलीच. येसूबाईंच्या हातावरच्या कापसाच्या बोळ्यावर तिने अंगठा ठेवला. खाली नसेतून वाहणाऱ्या रक्ताची थरथर अंगठ्याला लागत होती.

"बाय, तू अजून हायस?" येसूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"आहे, काकी."

तिने अंगठा जराही हलू दिला नाही.