सोमवारी येणारं भूत

काल्हेरला पंढरीशेठच्या गोडाऊनच्या ऑफिसबाहेर त्या सोमवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल पाठीवरची खोकी उतरवून आले होते, दोन ट्रक ड्रायव्हर दाराशी माना उंचावून उभे होते, दामू मुकादम तर चपला काढून हात जोडून होता. आत टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर लाल कापड, चार कोपऱ्यांना चार लिंबं आणि समोर केसरीनाथ भगत.

"ईमेल म्हंजे काय?" भगत डोळे मिटून विचारत होता. "अर्धी हवा, अर्धी ईज. हवेतली वस्तू हवेतलंच कुनीतरी नेतं. आपल्याला त्या मशीनमधलं काय कलत न्हाय, पन नेनारा कलतो. आता सगली भायेर व्हा. धा मिंटं दार उघडायचं न्हाय."

दार बंद झालं. आतून आवाज येऊ लागला, "ॐ डब्लू डब्लू डब्लू फट् स्वाहा..." दहा मिनिटांनी दार उघडून भगताने लाल कापड ओढलं. सकाळी गायब झालेली मेपर्यंतची पत्रं पडद्यावर जागच्या जागी होती. दामूने कॉम्प्युटरला वाकून नमस्कार केला.

हात जोडले नव्हते ते एकट्या सुचेताने. गोडाऊन भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांशी शेठचा ईमेलवर जो पत्रव्यवहार चाले, तो तीच सांभाळायची. घरी तान्ह्या ओवीला पाजायची वेळ केव्हाच टळली होती. छातीशी पर्स घट्ट धरून ती पार्टिशनला टेकून उभी होती. पार्टिशन प्लायवूडचं. दोन मंत्रांच्या मध्ये तिला आतून स्पष्ट ऐकू आलं होतं : टक-टक. थोडं थांबून पुन्हा, टक-टक.

"शेठ," भगताने बोट रोखलं, "भुताला वाट दावनारं मानूस तुमच्याच हापिसात हाय. ओली बालंतीन. तिची सावली मशीनवर पडते. वरीसभर तिला घरी बसवा."

"मला पाच महिने झालेत, बाबा," सुचेता म्हणाली.

"दूध हाय तवर ओलीच."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, भूत अमावास्या-पुनवेला येतं. अमावास्या तर गुरुवारी आहे. आज सोमवार."

भगत झोळी आवरू लागला. "ओढ लागली की आधी बी येतं. उतावलं झालंय. मशीन बी जड झालंय."

पंढरीशेठ वाईट माणूस नव्हता. ओवीच्या बारशाला त्याने चांदीचे वाळे पाठवले होते. पण सुचेता बाळंतपणाची रजा संपवून ज्या दिवशी कामावर आली, तीन ऑक्टोबरला, सर्वपित्री अमावास्येला, त्याच दिवशी मार्चपर्यंतची सगळी पत्रं नाहीशी झाली. पुढची खेप कोजागिरीला. मग दिवाळीत, मग त्रिपुरीच्या तोंडावर. दर वेळी भगत आला आणि पत्रं परतली. माणसाचा धीर सुटायला एवढं पुरतं.

"मॅडम, राग मानू नका," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मना बी बरं वाटत न्हाय. पन उद्यापासनं..."

सुचेता मान हलवून टेबलापाशी गेली, डबा उचलला आणि तिथेच थबकली. माउसच्या डाव्या बटणावर राखेचा ठसा होता. भगताच्या बोटांवर असायचा तो अंगारा. कीबोर्ड स्वच्छ, पडदा स्वच्छ, लिंबं स्वच्छ. मशीनमधलं काही न कळणाऱ्याचं बोट बरोबर बटणावर कसं पडलं होतं?

घरी ओवीला मांडीवर घेऊन पाजताना तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. ओवीची एक मूठ तिच्या मंगळसूत्रात अडकली होती. दुसऱ्या हाताने तिने पेन्सिल घेऊन पत्रं गेली त्या तारखांना खुणा केल्या. तीन, सतरा, एकतीस ऑक्टोबर; चौदा, अठ्ठावीस नोव्हेंबर. सगळ्या खुणा सोमवारच्याच रांगेत. एक सोमवार सोडून एक. आणि ऑक्टोबरात मार्चपर्यंतची, आज मेपर्यंतची : दर वेळी गेली ती सहा महिन्यांहून जुनीच पत्रं. पहिल्या दोन खुणा चंद्राबरोबर होत्या, पुढच्या दोन एकेका दिवसाने मागे, आजची तीन दिवसांनी.

"ओवी," ती हळूच म्हणाली, "याला चंद्र कळत नाही गं. याला फक्त चौदा मोजता येतात."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. "शेठ, बारा डिसेंबरला सकाळी पत्रं जातील. त्या दिवशी ना अमावास्या, ना पौर्णिमा. बारा जूनपर्यंतची जातील, तेरा जूनचं एकही जाणार नाही. मी गेटबाहेर ओवीला घेऊन उभी राहीन, सावलीसुद्धा आत येणार नाही. खोटी ठरले तर स्वतःहून घरी बसेन. तोवर मला काम करू द्या."

शेठने हो म्हटलं आणि भगताला निरोप धाडला. भगत म्हणाला, "पंधराला दत्तजयंती, पुनव. भूत पंधरालाच येनार."

ते दोन आठवडे सुचेताने मशीन चाळलं. मशीनला लपवलेल्या फाइली दाखवायला सांगितल्यावर एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये तिला दोन डेटा फाइली सापडल्या. एक नेहमीची, फुगून दोन जीबीला टेकलेली. दुसरीचं नाव आर्काइव्ह, म्हणजे जुन्याचा साठा. भगताने दार लावलं होतं, नेमक्या त्याच दहा मिनिटांत ही दुसरी शेवटची बदलली होती.

बारा तारखेला गेटबाहेर ती ओवीला टोपडं घालून उभी होती. गर्दी आजही जमली होती, भगतही आला होता. शेठने रोजच्यासारखी उदबत्ती लावली, मॉनिटरला झेंडू वाहिला, मशीन स्वतःच्या हाताने सुरू केलं.

पाच मिनिटांनी दामू धावत आला. "ताई, गेली. तेरा जूनपासून पुढची तेवढी हायत. शेठ बोलावतो."

ती आत आली. "शेठ, आज मशीनने तुम्हाला काही विचारलं?"

"इच्चारतं की अदूनमदून. इंग्लिश पाटी येते. मी हो म्हनतो."

"काय विचारलं ते न वाचता?"

"सकालच्या पयल्या मागनीला न्हाय म्हनू नये, मॅडम. आमच्या आज्यापासनं हाय."

सुचेताला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "ती पाटी विचारते, सहा महिन्यांपूर्वीची पत्रं उचलून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवू का? दर चौदा दिवसांनी विचारते. तुम्ही हो म्हणता, ती ठेवते. हे भूत ताजं कधी खात नाही, शेठ. शिळंच खातं."

लाल कापड नाही, लिंबू नाही. सगळ्यांसमोर तिने ती दुसरी फाइल उघडली. टक-टक. सकाळी गेलेली पत्रं समोर.

"हाच आवाज मी मंत्रांच्या मधे ऐकला होता," ती भगताकडे वळली. "माउसवर तुमचा अंगारा होता. गणपती झाल्यावर या मशीनवर मेलचं सॉफ्टवेअर नव्याने घातलं, त्याच सोमवारपासून चौदा मोजायचे. घातलं कुणी? बिलावर नाव आहे, राहनाळच्या तुमच्या भाच्याचं. पत्रं कुठे जातात हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. दर वेळी आणून पुन्हा मोठ्या फाइलमध्ये कोंबलीत, म्हणून ती फुगलीय. दोन जीबी झाले की हे जुनं सॉफ्टवेअर अडकतं, मग एकही पत्र आत येणार नाही."

"मशीन जड झालंय, मी बोललोच व्हतो," भगत पुटपुटला.

"ते तेवढं खरं बोललात."

ड्रायव्हरांमध्ये खसखस पिकली. केसरीनाथने झोळी उचलली. त्याने आजही आणलेली चारही लिंबं दामूने त्याच्या झोळीत टाकली. "न्या बाबा, सरबताला व्हतील."

शेठ पडद्याकडे वाकला. "म्हंजे भूत मीच?"

"भूत कुणीच नाही. ते न वाचता म्हटलेलं 'हो' आहे. जुनी पत्रं दुसऱ्या फाइलमध्येच असू देत, ती फाइल इथे कायम उघडी दिसेल अशी ठेवते आणि सीडीवर एक प्रत काढते."

शेठने हात पुढे केले. "पोर द्या हिकडं." ओवीला घेऊन तो मशीनसमोर बसला, तिची इवलीशी सावली पडद्यावर पडली, तिने दोन्ही हातांनी कीबोर्ड बडवला. एकही पत्र गेलं नाही.

सव्वीस डिसेंबरच्या सोमवारी सकाळी शेठची हाक आली, "मॅडम, पाटी आली. मी कायबी दाबलं न्हाय. वाचून सांगा."

घरात काही नाहीसं झालं, तर भगत शोधण्याआधी तारीख लिहून ठेवावी. आपण त्या वेळी काय केलं, तेही लिहावं. आणि बंद दाराआड चमत्कार करणाऱ्याला एवढंच म्हणावं : दार उघडं ठेवून करून दाखव.