सरांच्या टेबलावरची घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. टेबलावर बसणारी, डोक्यावर टपली मारली की टिंग करणारी. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना मोठ्या मनाने क्षमा करायची असते म्हणे. मी करणार नाही. आधीच सांगून ठेवते.

माझी उमेदीची वर्षं एका लॉजच्या काउंटरवर गेली. टिंग केलं की आतून माणूस धावत यायचा आणि दमलेल्या प्रवाशाला खोली मिळायची. मालकीणबाई मला रोज फडक्याने पुसायच्या. पुढे लॉज बंद पडलं आणि मी इंजिनिअरिंग कॉलेजात, संवादकौशल्य शिकवणाऱ्या सरांच्या टेबलावर आले.

तिथलं सगळं शिक्षण परक्या भाषेत. घरची भाषा बोलत मोठी झालेली मुलं अडखळायचीच. कुणी चुकलं की सर माझ्या डोक्यात टपली हाणायचे. टिंग! की पोर गप्प. ज्या आवाजाने माणसं धावून यायची, त्याच आवाजाने आता तोंडं मिटायची. मुलं मला 'सरांची सासू' म्हणू लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण मला पाय नाहीत, आणि मस्तक तर सरांच्या हाताखाली!

वर्गात एक मुलगी होती. पाण्याचा पंप तिनेच जुळवला, म्हणून सगळे तिला पंपवाली म्हणत. कारखान्याचे पाहुणे तो पंप पाहायला येणार होते.

"ती काय बोलणार? दुसरं कुणीतरी समजावेल," सर सगळ्यांसमोर म्हणाले.

पंपवाली रडली नाही. तिने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मी मनात म्हटलं, पोरी, तुझं आणि माझं दुखणं एकच आहे गं.

रंगीत तालमीला पंपवालीने पंप सुरू केला. मला पंपाजवळच्या टेबलावर ठेवून सर नवा कोट घालून शेजारीच उभे होते. तेवढ्यात पंपवालीला पाइपचा जोड हलताना दिसला.

"सर, पाइप... ढिला होती..." ती परक्या भाषेत म्हणाली.

टिंग! "होती नाही! पुन्हा!"

"सर, बाजूला... जोड..."

टिंग! "क्रियापद कुठंय? पूर्ण वाक्य बोल!"

ती बिचारी मनातल्या मनात वाक्य जुळवू लागली. तेवढ्यात जोड निसटला आणि सर नखशिखान्त भिजले.

"अगं ए! कॉक बंद कर! मेलो, मेलो!" सर चक्क घरच्या भाषेत ओरडले.

कॉक पंपवालीच्या उजव्या हाताशी होता. तिने डावा हात माझ्यावर मारला.

टिंग! इतकी गोड मी जन्मात वाजले नव्हते.

"सर, परक्या भाषेत. पूर्ण वाक्य," ती म्हणाली आणि मग सावकाश कॉक फिरवला.

दारात विभागप्रमुख बाई उभ्या होत्या. त्यांनी हसू दाबलं. "पाहुण्यांना पंप हीच समजावेल," त्या म्हणाल्या. "चुकेना का, बोलू दे तिला."

सरांनी मला त्याच टेबलाच्या खणात कोंबलं. पाहुणे आले, तेव्हा पंपवाली चुकत चुकत सगळं बोलली आणि पाहुणे प्रश्नांमागून प्रश्न विचारत राहिले. खणात पडल्या पडल्या मी ऐकत होते.

मित्रांनो, आता मी काळी पडले आहे. मला घासूनपुसून बाहेर काढलंत तर उपकार होतील. पण बोलायला धडपडणाऱ्या कुणाच्या तोंडावर मला वाजवू नका. मी काही विसरत नाही, आणि पाण्याचे पाइप सगळीकडेच असतात.