शांत मुलांची खोली

मित्रांनो, थोडे लांबच बसा. मी गॅसची एक जुनी शेगडी आहे, आणि माझ्या हातून काय होता होता राहिले ते ऐकलेत की तुम्ही आपणहूनच मागे सरकाल.

माझा जन्म अम्मानजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचे अंग, खाली चार चाके, पाठीमागे गॅसची टाकी ठेवायला जागा आणि पुढे पांढऱ्या मातीच्या तीन जाळ्या. मी पेटले की त्या जाळ्या लालबुंद होत. इकडे जॉर्डनमध्ये मला सोबा म्हणतात. अजलूनच्या डोंगरात हिवाळ्यात थंडी अशी पडते की ज्या घरी सोबा नाही तिथे पाहुणासुद्धा फार वेळ टेकत नाही. अबू गस्सान नावाच्या माणसाने मला विकत घेतले आणि आपल्या बालवाडीच्या तळघरात नेऊन ठेवले.

तिथे रुदैना नावाची तरुण शिक्षिका होती. मुले तिला ‘मिस रुदैना’ म्हणत. सव्वीस मुले आणि ती एकटी. पहिली तीन वर्षे माझे काय कौतुक झाले म्हणून सांगू! माझ्या डोक्यावर चहा उकळे, मुलांच्या भाकऱ्या शेकल्या जात, ओले मोजे माझ्यासमोर वाळत. मी कामाची होते आणि मला त्याचा गर्वही होता.

चौथ्या हिवाळ्यात माझी मधली जाळी तडकली. आत धूळ साचली आणि माझी आच पिवळी पडली. रुदैनाने मालकाला तीनदा सांगितले. तिन्ही वेळा तो म्हणाला, “पेटतेय ना? मग झालं तर!”

मित्रांनो, पिवळ्या आचेतून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. तो माझ्यातून निघतो आहे हे मला कळत होते, पण मला तोंड नव्हते. तळघराला खिडकी एकच. तीही रुदैनाने वारा येतो म्हणून चिंध्या कोंबून बुजवली होती. मुले गारठू नयेत एवढाच तिचा हेतू होता.

मग रोजचेच झाले. आठ वाजता गलका करणारी मुले दहाच्या सुमाराला गप्प होत. कुणी टेबलावर डोके टेकी, कुणी भिंतीकडे बघत बसे. मयार नावाची चार वर्षांची एक मुलगी माझ्या अगदी जवळच्या खुर्चीवर बसायची. ती सर्वांच्या आधी झोपे. रुदैनाचेही डोके ठणकायचे. तिला वाटायचे, आपली झोप पुरी होत नाही.

त्या भागातल्या बालवाडी शिक्षिकांचे एक मंडळ होते. रुदैना त्याची सभासद होती. मंडळाची एक रीत होती. महिन्यातून एकदा दुसऱ्या बालवाडीतली बाई येई, सकाळभर वर्गात बसे आणि जाताना मंडळाच्या वहीत दोन ओळी लिही. काय आवडले ही पहिली ओळ, काय कमी आहे ही दुसरी. एकटीने मुले सांभाळणाऱ्या बाईचे काम कुणीतरी जाणत्या नजरेने बघावे, म्हणून ही रीत.

रीत चांगली होती, पण माणसे पडली पाहुणचाराची. पाहुणी येणार म्हटले की रुदैना माझ्या तिन्ही जाळ्या पेटवी, दाराखालच्या फटीला घोंगडी लावी, चहा आणि गरम भाकरी पुढे करी. इतके प्रेमाने खाल्ल्यावर त्या घरातले उणे कसे लिहायचे? दुसरी ओळ कोरीच राही.

नोव्हेंबरात लमीस नावाची बाई आली. मुलांकडे बघून ती थक्कच झाली.

“अगं रुदैना, ही मुलं आहेत की देवदूत? माझ्याकडे दहा वाजता बाजार भरतो गं! काय जादू केलीस, सांग तरी.”

“जादू कसली, मिस लमीस! गोडीनं सांगते इतकंच.”

लमीसने लिहिले, ‘मुले अतिशय शांत.’ डिसेंबरात आलेल्या बाईनेही तेच लिहिले. जानेवारीतलीने तर ‘सर्वांनी शिकावे असे’ ही जोड दिली. मंडळाच्या बैठकीत रुदैनासाठी टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी तिने ते मुलांना हसत हसत सांगितले. मुले हसली नाहीत, कारण दहा वाजून गेले होते. त्या टाळ्यांची मला फार भीती वाटली.

फेब्रुवारीत बर्फ पडले. त्या दिवशी न कळवता इन्साफखाला आली. मंडळातली सर्वांत जुनी शिक्षिका, सगळ्यांची खाला म्हणजे मावशी, आणि जिभेला हाड नाही म्हणून जिला सगळ्या टाळत, ती ही.

“या खाला, या! कळवलं असतंत तर काहीतरी करून ठेवलं असतं.”

“म्हणूनच नाही कळवलं.”

रुदैनाचा चेहरा उतरला. तरी तिने मला ढकलत पाहुणीजवळ नेले, तिन्ही जाळ्या पेटवल्या, दाराखाली घोंगडी सारली. इन्साफखालाने चहाला हात लावला नाही. ती मुलांकडे बघत राहिली.

“किती वाजले गं?”

“सव्वादहा.”

“आणि सगळी अशी गप्प?”

“शिस्तीची आहेत, खाला. वहीत सगळ्यांनी लिहिलंय.”

“वही वाचूनच आलेय. तीन बायका आल्या आणि तिघींनी शांत म्हणून लिहिलं! अडतीस वर्षं पोरं सांभाळतेय मी. चार वर्षांचं पोर या वेळी शांत असतं ते आजारी असलं तरच.”

बोलता बोलता तिने आपलेच कपाळ दाबले. मग ती माझ्यासमोर वाकली. इतक्या वर्षांत माझ्याकडे असे कुणी पाहिले नव्हते.

“हिची आच पिवळी कधीपासून आहे? ... रुदैना, त्या पोरीला उठव.”

“मयारला? झोपू दे ना खाला, रोजच झोपते ती.”

“उठव म्हणते ना!”

मयार उठली नाही.

मग इन्साफखालाने माझी कळ बंद केली, लाथेने घोंगडी उडवली, खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या. “बाहेर! सगळी बाहेर! कोट राहू देत!” ती ओरडत होती. रुदैनाने मयारला उचलले. पाहता पाहता खोली रिकामी झाली आणि मी एकटीच थंड होत बसले. ते पोर जिवंत आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत वाईट वेळ. बऱ्याच वेळाने खिडकीतून उलटीचा आवाज आला आणि पाठोपाठ एक मोठे भोकाड.

“रडतेय!” रुदैना हुंदके देत म्हणाली, “खाला, रडतेय बघा ती!”

दुपारी मुले दवाखान्यातून घरी गेली. अबू गस्सान आला आणि सारा ठपका त्याने रुदैनावर ठेवला. उद्यापासून येऊ नकोस, असेही सांगून टाकले. पण त्या वेळी मुलांच्या इवल्या खुर्च्यांवर मंडळाच्या सात बायका बसल्या होत्या.

“हिनं तुला तीनदा सांगितलं होतं,” इन्साफखाला म्हणाली. “आणि आमच्या तिघी इथे चहा पिऊन गेल्या. चूक तुझी आहे, आमचीही आहे. हिला काढलंस तर इथली एकही शिक्षिका तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, समजलं?”

लमीस रडत होती. “मी मेली हिला जादू विचारत बसले,” एवढेच ती म्हणत होती.

रुदैनाचे काम टिकले. मंडळाने पाठपुरावा करून तळघरात नवी खिडकी पाडून घेतली आणि विजेची शेगडी बसवायला लावली. दुसरी ओळ कोरी असलेली वही आता मंडळात घेत नाहीत. माझ्याबद्दल ठरले की मला मोडून टाकायचे. अबू गस्सान छातीवर हात ठेवून म्हणाला, “तुमचा शब्द माझ्या शिरावर, डोळ्यांवर, खाला.” आणि आठवड्याभरात त्याने मला जुन्या बाजारात विकले. तिथल्या माणसाने मला पुसले, रंग दिला. तडकलेली जाळी तशीच राहिली.

आता मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या बालवाडीत आहे. इथली शिक्षिका अबीर एकोणीस वर्षांची आहे, कष्टाळू आहे, मुलांवर जीव टाकते. असे एखादे मंडळ असते हे तिला कुणी सांगितलेले नाही. तिच्या वर्गात कुणी येऊन बसत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूची निगा राखा, आच पिवळी दिसली की मला विझवा. पण तुमच्या बाईंचीही निगा राखा. त्यांना एकटे टाकू नका, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या माणसाला खरे बोलू द्या. मला हे ओरडून सांगायचे आहे, आणि मला तोंड नाही.

बाहेर पुन्हा बर्फ पडते आहे. अबीरने आताच दाराखाली टॉवेल लावला. अठरा मुले गाणे म्हणत आहेत. मघाशी सगळी म्हणत होती. आता अकराच म्हणत आहेत.