निळाई उभी राहते

अस्मिताच्या सात वह्या भरल्या होत्या आणि सातही वह्यांत एकच बाई होती. निळाई. हुडकेश्वरच्या एका गल्लीत राहणारी, निळी ओढणी खांद्यावर टाकली की उडू लागणारी. पहिल्या वहीत तिने नाल्याच्या पुरातून अख्खी बस उचलून काठावर ठेवली होती. तिसरीत चुकून वस्तीत आलेल्या वाघाला कडेवर घेऊन जंगलात सोडून आली होती. आणि सातवीत, भर उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर बंद पडले तेव्हा, टाकीवर उभी राहून ओढणीने वस्तीला वारा घातला होता.

यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मंडळाने पहिल्यांदाच एक ट्रॉली मुलांच्या हवाली केली. तिच्यावर काय उभं करायचं, यावर मुलांची दोन मिनिटंही चर्चा झाली नाही. निळाई! नऊ फुटी, बांबूची, हातात पुस्तक उंच धरलेली.

मंडळाचा सचिव प्रशिकदादा बँकेत नोकरीला होता आणि वेळेचा पक्का होता. तो म्हणाला, "रविवारी संध्याकाळी पाचला मी येतो. ट्रॉलीवर उभी दिसली तं निळाई. नाई तं मागच्या वर्षीचा थर्मोकोलचा पेन."

"तो पेन तं उंदरांनी खाल्ला, दादा," शेजारची नऊ वर्षांची नूपुर म्हणाली.

"अर्धाच खाल्ला."

अस्मिताला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिची निळाई आजवर वहीबाहेर कोणी पाहिली नव्हती. आता सगळं नागपूर पाहणार, किंवा उंदरांनी कुरतडलेला पेन पाहणार.

बांबूचं काम भैय्याजींकडे होतं. चाळीस वर्षं मांडव आणि कमानी बांधून आता ते घरी बसले होते. म्हणजे बसले नव्हतेच, विहारामागच्या मोकळ्या जागेत वस्तीतल्या मुलांना बांबूकाम शिकवत होते. मुलांच्या हाती कोयता देण्याआधी तीन दिवस ते नुसता बांबू ओळखायला लावत. कोणाचं काही चुकलं तरी 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. "बरं, करून पाहू," एवढंच म्हणत.

सकाळची शाळा सुटल्यावर अस्मिता चित्र घेऊन आली. भैय्याजींनी त्यावर पट्टीने चौकटी आखल्या. निळाई बारा चौकटी उंच भरली. एक चौकट म्हणजे एक वीत.

"कंबर किती?" त्यांनी विचारलं.

"एक चौकट."

"एकच?"

"हिरोईनची असतेच तेवढी, भैय्याजी. सगळ्या कॉमिकमध्ये पाहा."

"बरं. आन् पाय?"

"नुसती बोटं टेकलीत. टाचा वर आहेत."

"उडून राहिली का?"

"नाही. उभी आहे."

"बरं," भैय्याजी म्हणाले आणि कामट्या निवडू लागले.

अस्मिताचा हात रद्दीतून आणलेल्या जुन्या कॉमिकच्या गठ्ठ्यावर तयार झाला होता. त्या पुस्तकांतले पुरुष पाय रोवून, समोर बघत उभे असत. बायका मात्र अशा वळलेल्या असत की छाती आणि पाठीमागचा भाग एकाच वेळी दिसावा. कंबर मुंगळ्याची, पाय धडाच्या दुप्पट, पावलं पेन्सिलीच्या टोकासारखी. तिने ते शंभरदा गिरवलं होतं. त्यात विचारण्यासारखं काही असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

कंबरेचं कडं काही केल्या वळेना. तीन कामट्या तडकल्या. चौथी पाण्यात भिजत घालून वळवली तेव्हा कुठे जमलं. ते कडं नूपुरने हौसेने डोक्यावरून घालून कमरेपर्यंत ओढलं आणि तिथेच ते अडकलं. वर येईना, खाली जाईना. शेवटी अस्मिताने तिला तेल लावून सोडवलं.

"नऊ फुटाची बाई," नूपुर धापा टाकत म्हणाली, "आन् तिची कंबर माह्यापेक्षा बारीक! जेवते कुठं हे?"

शुक्रवारी सांगाडा उभा केला. मुलांनी हात सोडले. निळाई क्षणभर थांबली, मग कमरेत हळूच वाकली आणि समोरच्या बाजेवर तोंडघशी पडली. त्या बाजेवर इंदूबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या.

"अगं माय वं!" इंदूबाई दारातून ओरडत आल्या. "तुमच्या बाईले पडाले माह्या कुरडयाच भेटल्या का? पंचशील चौक रिकामा पडला होता ना!"

मुलं हसून हसून जमिनीला टेकली. अस्मिता हसली नाही.

"काहून पडली असंल?" भैय्याजींनी विचारलं.

"वाऱ्याने."

कडुनिंबाचं एक पानही हलत नव्हतं. "बरं," भैय्याजी म्हणाले, "वाऱ्याचा बंदोबस्त करून पाहू." त्यांनी निळाईला दोरीने कडुनिंबाला बांधलं. दोरी होती तोवर ती उभी राहिली. मग अस्मितानेच पाठीतून एक जाड बांबू खुपसायला सांगितलं. तेवढ्यात प्रशिकदादा बँकेतून घरी चालला होता, तो गाडी थांबवून पाहत राहिला.

"हे बुजगावणं आहे का निळाई?" तो म्हणाला. "खांबाले लटकवलेली बाई ट्रॉलीवर नाई चढणार बरं, अस्मिता. ट्रॉली हालते. कोणाच्या डोक्यावर पडली तं?"

तो गेला. अस्मिता सांगाड्याजवळ पाय पोटाशी घेऊन बसली. भैय्याजींनी घाई केली नाही. पिशवीतून त्यांनी ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे गवंड्याची दोरी, खाली वजन बांधलेली; भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारी.

"नूपुर, इकडे ये. सरळ उभी राहा. अस्मिता, हिच्या गळ्यापाशी दोरी धर. खाली कुठं येते सांग."

"दोन पावलांच्या मधे."

"आता वाक, नूपुर."

नूपुर वाकली. वजन पावलांच्या पुढे गेलं, आणि त्याच क्षणी तोल सावरायला नूपुरचा पाय आपोआप पुढे पडला. "अरे! मी मुद्दाम नाही टाकला पाय!"

"अजून कर." त्यांनी पाच वेळा करायला लावलं. पाचही वेळा तसंच झालं. मग त्यांनी ओळंबा अस्मिताच्या हातात ठेवला.

अस्मिताने चित्र भिंतीला लावलं. निळाईच्या गळ्यापाशी दोरी धरली. वजन डोलत डोलत स्थिर झालं. निळाईच्या पावलांपासून दोन चौकटी दूर.

"म्हणजे हे सात वह्या पडूनच राहिली होती," नूपुर म्हणाली.

अस्मिताचे डोळे भरून आले. "मग एवढी मोठी माणसं असं का काढतात, भैय्याजी? त्यांना कळत नाही?"

"कळते ना." भैय्याजी दोरी गुंडाळत म्हणाले. "पण त्यायले ती उभी करायची नव्हती, पोरी. नुसती दाखवायची होती. तुले उभी करायची आहे."

शनिवारी त्यांनी पिंकीला बोलावलं. पिंकी बावीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज मैदानावर धावायची आणि गोळा फेकायची. आली ती घामाने निथळत, पिशवीत गोळा घेऊनच.

"पिंकीताई, या चित्रासारखी उभी राहून दाखव," अस्मिता म्हणाली.

पिंकीने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "छाती इकडे, कंबर तिकडे, तोंड मागं, टाचा वर... थांब, एक एक करू दे." ती वळली, अजून वळली, टाचा उचलल्या.

"अंगात आल्यावानी दिसून राहिली वं!" इंदूबाई दारातून म्हणाल्या. आज त्यांनी कुरडया गच्चीवर नेल्या होत्या.

पिंकीला हसू फुटलं आणि ती कामट्यांच्या ढिगात आडवी झाली. तिथूनच म्हणाली, "हे बाई चोर कशी पकडते गा, भैय्याजी? चोरच हिले उचलून दवाखान्यात नेत असंल!"

"आता गोळा फेक," भैय्याजी म्हणाले. "अस्मिता, तू काढ."

पिंकी उठली. तिने पाय रुंद रोवले. टाच जमिनीत दाबली, गुडघा वाकवला, कंबर आणि पाठ एकदम झाडाच्या बुंध्यासारखी घट्ट झाली. मग जमिनीतून निघालेली ताकद मांडीतून कमरेत, कमरेतून खांद्यात चढत गेली आणि हातातून सुटली. गोळा दूर धुळीत धप्पकन रुतला. अस्मिताची पेन्सिल कागदावर टेकलीच नव्हती. ती पाहतच राहिली होती.

"अजून एकदा, ताई."

पिंकीने अकरा वेळा गोळा फेकला. अस्मिताने आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक बाजूला ठेवून जिवंत माणूस पाहून चित्र काढलं. रुंद खांदे, भरलेल्या मांड्या, तीन चौकटींची कंबर, पूर्ण टेकलेली मोठी पावलं. चित्र छान झालं होतं. पण ते पाहून तिचा चेहरा पडला.

"ही हिरोईन वाटत नाही," ती पुटपुटली. "पिंकीताई वाटते."

"काहून वं?" पिंकीने कमरेवर हात ठेवले. "मी काय वाईट दिसून राहिली?"

अस्मिताचे कान लाल झाले. तिचे स्वतःचे खांदेही असेच रुंद होते. जूनमध्ये गणवेश शिवताना शिंपीकाका म्हणाले होते, हे तं पोराचं माप आहे. तेव्हापासून ती वर्गात खांदे आत ओढून बसायची. हे ती कोणाला बोलली नव्हती. आत्ताही बोलली नाही. तिने पिंकीकडे नीट पाहिलं: उन्हात उभी, धुळीने माखलेली, हसणारी, कोणी धक्का दिला तरी हलणार नाही अशी.

"नाही," ती म्हणाली. "तू खूप भारी दिसतेस, ताई."

"मंग? बांध की मले!"

रविवारी सकाळी सहापासून विहारामागे जत्रा भरली. भैय्याजींनी जुना सांगाडा सोडला, त्यातल्या चांगल्या कामट्या वेगळ्या काढल्या. कंबरेचं नवं कडं पहिल्याच झटक्यात वळलं.

"बांबूलेबी पटलं पाहा," ते म्हणाले.

पावलं दोन-दोन वितींची झाली, आत पोकळ. अस्मिता बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसली आणि एकदम उठली. "भैय्याजी! यात वाळू भरता येईल! मोठ्या पावलांत वाळूच्या पिशव्या मावतील!"

भैय्याजींना हे दोन दिवस आधीच ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "अरे बाप्पा! हे मले कसं नाई सुचलं?"

अस्मिताची आई माया निळं कापड शिवत होती. जुन्या मापाने आणलेलं कापड निळाईच्या कमरेला पुरेना, तेव्हा तिने कपाटातली आपली निळी साडी आणून कात्री लावली. "एवढी धडधाकट पोरगी आहे," ती म्हणाली, "तिले काय अर्ध्या कपड्यात पाठवू?"

बरोबर पाचला प्रशिकदादा आला. निळाई ट्रॉलीवर उभी होती. पाय रोवलेले, खांदे मोकळे पसरलेले, एक हात वर आणि हातात पुस्तक. पाठीत खांब नव्हता, दोरी नव्हती. प्रशिकदादाने आधी घड्याळ पाहिलं, मग वर पाहिलं. मग ट्रॉलीवर चढून दोन्ही हातांनी तिला ढकललं. ती हलली नाही. त्याने खांदा लावून ढकललं. तोच घसरला.

"चालवून पाहा," तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. "गतिरोधकावरून ने. हळू नको नेऊ."

ट्रॅक्टर सुरू झाला. मुलं दोन्ही बाजूंनी धावू लागली. पहिला गतिरोधक आला. ट्रॉली आदळली, निळाई घोट्यापासून डोक्यापर्यंत एकदा डुलली आणि पुन्हा स्थिर झाली. ओढणी फडफडली. दुसरा आला. तिसऱ्यापर्यंत मोजायला सगळी गल्ली बाहेर आली होती. चौथ्याला पिंकीने शिट्टी मारली.

"पेन उंदरांनाच देऊन टाका!" प्रशिकदादा मागून ओरडला.

अस्मिता ट्रॉलीसोबत धावत होती. खांदे आत ओढायचं ती विसरूनच गेली होती. इंदूबाईंच्या दारासमोर ट्रॅक्टरचा वेग जरा कमी झाला. इंदूबाई डोळ्यांवर हात धरून वर पाहत होत्या, बराच वेळ, ओळखीचं कोणी उन्हातून घरी येताना दिसावं तसं.

"ए निळाई," त्यांनी हाक मारली, "ऊन लय आहे वं! पाणी पिऊन जाय!"