उरलेलं भाषण

"ती तेउता बोलायला उठली की तुम्ही हरकतीचा मुद्दा काढायचा," गटनेता आगिम कॉफी ढवळत म्हणाला. "बाईला बाईनं अडवलेलं बरं दिसतं."

लिरीने आपला कप बाजूला सारला. शकोदर शहरातल्या शाळेतली ही मास्तरीण चार वेळा संसदेत निवडून आली, पण मंत्रिपद कधी वाट्याला आलं नाही. पक्ष सांगेल तिथे हात वर करायचा, एवढंच तिचं काम. एक काम मात्र तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. नव्याने आलेल्या बायकांना, मग त्या कुठल्याही पक्षाच्या असोत, सभागृहात उभं राहायला शिकवायचं.

विरोधी पक्षाची तेउता त्यांतलीच. पूर्वी नर्स होती. नवऱ्याचा मार चुकवून घर सोडणाऱ्या बायकांच्या निवाऱ्यांना सरकारी पैसा मिळावा, ही तिची अंदाजपत्रकातली दुरुस्ती आज मताला येणार होती.

ती जिन्यातच भेटली.

"लिरीबाई, मला अडवायचं काम तुमच्याकडे दिलंय म्हणे."

"दिलंय."

"मग?"

"सकाळपासून काही खाल्लंयस का? उपाशीपोटी आवाज चिरकतो." लिरीने पर्समधला चीज भरलेल्या बुरेकचा तुकडा तिच्या हातात कोंबला आणि पुढे निघून गेली.

तेउताने तोंड उघडताच मागच्या बाकांवरून गलका सुरू झाला. "बाई, घरी चूल थंड पडली असेल." हशा. त्या गोंधळातच तिची वेळ संपली आणि माइक बंद झाला. मुद्दा काढायला न उठलेल्या लिरीकडे आगिमने वळून पाहिलं.

लिरी उठली. माइककडे निघाली.

"हरकतीचा मुद्दा?" सभापतींनी विचारलं.

"नाही. माझी बोलायची पाळी आहे, ती घेते."

व्यासपीठावरून खाली उतरणाऱ्या तेउताचं मनगट तिने धरलं. "थांब. तू सांग, मी म्हणते."

तेउता कानाशी एकेक वाक्य सांगू लागली आणि लिरी ते माइकवर म्हणू लागली. मागे कुणीतरी खिदळलं. तेवढ्यात दुसऱ्या पक्षाच्या दोघी येऊन शेजारी उभ्या राहिल्या, मग आणखी चौघी. हळूहळू सभागृह गप्प झालं. आगिमने फोनमध्ये डोकं घातलं होतं.

दुरुस्ती थोडक्या मतांनी पडली.

"माझ्यापायी तुम्ही गोत्यात आलात," तेउता म्हणाली.

"ते माझं मी बघेन. तू पुन्हा मांड. आणि आकडे सांगताना घाई करतेस, तिथे श्वास घेत जा."

पुढच्या निवडणुकीत लिरीला तिकीट मिळालं नाही. ती शकोदरला परतली.

हिवाळ्यात एका दुपारी ती कॉफीला गेली. टीव्हीवर तेउता बोलत होती, तीच दुरुस्ती घेऊन.

"अरे, मॅच लाव की," शेजारच्या टेबलावरचा माणूस वेटरला म्हणाला.

"तिचं संपू दे," लिरी म्हणाली.

वेटरने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज थोडा वाढवला.